जहाजावर मारायच्या मिसाईलचा बाजार खरंच एवढा वाढलाय का, आणि बेळगावच्या वर्कशॉपवाल्यानं त्यात उडी मारावी का?

विचारणारा पोरगा निपाणीकडचा. उद्यमबागला त्याच्या मामाचं छोटं युनिट आहे, दोन व्हीएमसी (उभी मिलिंगची कॉम्प्युटरवाली मशीनं), एक टर्निंग सेंटर, हायड्रॉलिकचे पार्ट करतात. त्याचं म्हणणं असं, की काका, ब्रह्मोस फिलिपिन्सला गेलं, रोज बातमीत कुठला ना कुठला देश समुद्राला चिकटून उडणारी मिसाईलं विकत घ्यायलाय, हे खरं आहे का नुसती टीव्हीवरची हवा? आणि मामा म्हणतोय कर्ज काढून फाइव्ह ॲक्सिस मशीन, म्हणजे पाच बाजूंनी फिरून वाकडेतिकडे पार्ट कापणारं महागडं मशीन, घेऊया, आता डिफेन्सची कामं येणार, तर घ्यावं का?

बाजार वाढलाय, हे खरं. मशीन आत्ता घेऊ नका. का ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

मी नेव्हीत इलेक्ट्रिकल आर्टिफिसर, म्हणजे तंत्रज्ञ, होतो, जामनगरच्या वलसुराला शिकलो, पुढची बरीच वर्षं मिसाईल बोटींवर आणि किनाऱ्यावरच्या मिसाईल वर्कशॉपात गेली, रिटायर झाल्यावर इकडं एरोस्पेस पार्टच्या कामात क्वालिटी बघतोय. आपल्या खानापूर-बेळगाव भागात घरटी एक माणूस मराठा सेंटरातनं गेलेला असतोय, नेव्हीवाला विरळा, त्यामुळं गावाकडं गेलं की लोक अजून मला 'कुठल्या बटालियनला होतास' असंच विचारतात. असो. खाली जे सांगतोय ते सगळं उघड छापून आलेलं आहे, त्यात गुपित काही नाही.

आधी हे खाली उडायचं प्रकरण काय आहे ते बघ, कारण सगळा बाजार त्याच्यावर उभा आहे. पृथ्वी गोल आहे आणि रडार सरळ रेषेत बघतंय. राजहंसगडावर उभा राहिलास तर येळ्ळूरपासून बेळगावपर्यंत सगळं पसरलेलं दिसतंय, खाली शिवारात उभा राहिलास तर पलीकडच्या बांधामागचं दिसत नाही, जहाजाच्या रडारचं पण तेच. अँटेना पाण्यापासून २० मीटर वर आहे आणि मिसाईल ५ मीटरवरनं येतंय असं धर, तर ते २७-२८ किलोमीटरवर येईपर्यंत रडारला दिसूच शकत नाही, मग रडार कितीही भारी आणि महाग असू दे. तेच मिसाईल १००० मीटर उंचीवरनं आलं असतं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास दिसलं असतं. आता आवाजापेक्षा थोडं कमी स्पीडनं येणाऱ्या मिसाईलला २७ किलोमीटर कापायला लागतंय साधारण दीड मिनिट. त्या दीड मिनिटात रडारनं पकडायचं, ऑपरेटरनं हा पक्षी नाही, लाट नाही, मिसाईल आहे हे ओळखायचं, कमांड मिळायची, आपलं मिसाईल किंवा तोफ सुटायची, आणि पहिला वार चुकला तर दुसरा करायचा. स्पीड आवाजाच्या दुप्पट-तिप्पट असेल तर हा सगळा वेळ अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतोय. मॉक ड्रिलमध्ये सगळ्यांना माहीत असतंय की आता येणार आहे, तरी घाम फुटतोय, खऱ्यात तर रात्री तीनला वॉचवरचा माणूस चहा पीत असतोय.

ही खाली उडायची करामत करतंय रेडिओ अल्टिमीटर. मिसाईलच्या पोटाखालनं पाण्याकडं सिग्नल सोडून परत येईपर्यंतचं अंतर सारखं मोजत राहणारं छोटं उपकरण. लोक वॉरहेड किती किलोचं, स्पीड किती माक, म्हणजे आवाजाच्या किती पट, हेच विचारतात, पण पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असताना चार-पाच मीटरवर टिकून राहायचं आणि लाटेत घुसायचं नाही, हे त्या अल्टिमीटरचं आणि ऑटोपायलटचं काम. म्हणून समुद्र बघून उंची ठरवावी लागते, शांत असला तर खाली, खवळलेला असला तर थोडं वर. आणि खाली उडणं फुकट नसतंय, तिथं हवा जाड, तेल जास्त खातंय. रशियाचं ओनिक्स, ज्याच्यावरनं ब्रह्मोस आलं, ते वरनं जाऊन शेवटी खाली उतरलं तर ३०० किलोमीटर जातंय आणि सुरुवातीपासून खालनंच गेलं तर १२० च्या आसपास. ब्रोशरवर फक्त मोठा आकडा असतोय, हे लक्षात ठेव.

बाजार सुरू कसा झाला ते थोडक्यात. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या छोट्या कोमार बोटींनी पोर्ट सैदजवळ इस्रायलची ऐलात ही विनाशिका रशियन स्टिक्स मिसाईलनं बुडवली, तेव्हा पहिल्यांदा मोठ्या नेव्ह्यांना झटका बसला. चारच वर्षांत आपण तेच मिसाईल वापरून दाखवलं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन बोटी कराचीवर गेल्या, पाकिस्तानची विनाशिका खैबर बुडाली, त्यांचीच मुहाफिझ बुडाली, व्हीनस चॅलेंजर नावाचं मालवाहू जहाज पण गेलं. चार दिवसांनी विनाश गेली आणि केमारीचे तेलाचे टाके पेटले. नेव्ही डे ४ डिसेंबरला असतोय तो ह्याच्यामुळं.

आता ह्यात एक गोष्ट बघ जी भाषणात कुणी सांगत नाही. दुसऱ्या हल्ल्यात गल्फ स्टार नावाचं पनामाच्या झेंड्याचं मालवाहू जहाज पण बुडालं, ज्याचा ह्या युद्धाशी काही संबंध नव्हता. मिसाईलला रडारवर मोठा ठिपका दिसतोय, तो कुणाचा आहे हे त्याला कळत नाही. हा मुद्दा पुढं परत येणार आहे, कारण आजच्या बाजारातला खरा पैसा तिथंच अडकलाय.

ती जुनी स्टिक्स मी हाताळली आहेत म्हणून सांगतो, आताच्या पोरांना कल्पना यायची नाही. अडीच टनाच्या आसपासचं धूड, आणि आत लिक्विड फ्युएल. एका टाकीत अमाइनचं इंधन, दुसरीत नायट्रिक ॲसिडवालं ऑक्सिडायझर, दोन्ही एकमेकांना नुसती भेटली तरी पेटतात, काडी लागत नाही. भरताना अंगावर रबरी सूट, तोंडावर मास्क, बाजूला पाण्याचे पाइप सोडून ठेवलेले, कुठं जॉइंट जरा गळला की तांबूस पिवळा धूर यायचा आणि घसा धरायचा. मे महिन्याच्या मुंबईत तो सूट घालून उभं राहणं म्हणजे काय ते विचारू नकोस. आणि एकदा भरलं की ते फार दिवस ठेवता यायचं नाही, ॲसिड आतनं टाकी खायला लागतंय, परत उपसा, धुवा, तपासा. आजची मिसाईलं बंद कॅनिस्टरमध्ये येतात, सॉलिड बूस्टर आणि छोटं जेट इंजिन, खोक्यासारखी उचलायची आणि लाँचरवर ठेवायची. ही एवढी एक सोय झाली म्हणून छोट्या देशांना हे परवडायला लागलं. मोठं वर्कशॉप नको, ॲसिडची टाकी नको, एक ट्रक, चार कॅनिस्टर, झाडीत लपवून ठेवायचा.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाकडं विमानातनं सोडायची एक्झोसेट ही फ्रेंच मिसाईलं होती फक्त ५. त्यात ब्रिटनची शेफिल्ड गेली, २० माणसं गेली, आणि अटलांटिक कन्व्हेयर हे माल नेणारं जहाज त्यावरच्या चिनूक हेलिकॉप्टरांसकट जळालं. युद्ध संपता संपता किनाऱ्यावरनं ट्रेलरवर जुगाड करून सोडलेलं एक एक्झोसेट ग्लॅमॉर्गनला पण लागलं. फ्रेंच कंपनीला जाहिरातीची गरजच उरली नाही. पण त्याच युद्धानं दुसरा धडा पण दिला. फ्रान्सनं सप्लाय थांबवला, ब्रिटननं दुसरीकडनं मिळू नयेत म्हणून जंग जंग पछाडलं, आणि अर्जेंटिनाला सहावं मिसाईल काय मिळालं नाही. विकणाऱ्याच्या हातात नळ असतोय, त्यानं बंद केला की तुम्ही बसा बोंबलत.

आजच्या बाजाराचा अर्धा भाग ह्या भीतीतनं आलाय. तुर्कस्ताननं अमेरिकेच्या हार्पून मिसाईलऐवजी स्वतःचं अत्माजा बनवलं आणि आता ते बाहेर विकायला पण लागलेत. कोरियानं हेसाँग बनवलं, तैवाननं श्युंग फेंग, जपानचं टाइप १२ आहे, युक्रेननं जुन्या रशियन केएच-३५ च्या धर्तीवर नेपच्यून केलं. एकदा देशात कारखाना टाकला की फक्त आपल्या नेव्हीच्या ऑर्डरवर तो चालत नाही, मग बाहेर गिऱ्हाईक शोधणं आलंच. म्हणून विकणारे वाढले, आणि विकणारे वाढले म्हणून घेणाऱ्याला पर्याय वाढले.

दुसरा अर्धा भाग २०२२ नंतरचा. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेननं, ज्याच्याकडं धड नेव्ही उरली नव्हती, किनाऱ्यावरच्या लाँचरमधनं नेपच्यून सोडून रशियाच्या काळ्या समुद्राच्या ताफ्याची मुख्य बोट मॉस्क्वा बुडवली. जवळजवळ साडेबारा हजार टनांचं क्रूझर. ते बघून बाल्टिक आणि काळ्या समुद्राकाठच्या देशांनी धडाधड पाकीट उघडलं. पोलंडकडं नॉर्वेचं एनएसएम हे जहाजावर मारायचं मिसाईल आधीच होतं, त्यांनी आणखी घेतलं, रोमेनिया आला, लाटव्हियासारखा छोटा देश आला. एवढंसं किनारपट्टीचं राष्ट्र फ्रिगेट घेऊ शकत नाही, पण किनाऱ्यावर मिसाईलचे चार ट्रक उभे करू शकतंय, आणि समोरच्याला लांब ठेवायला तेवढं पुरतंय.

मग लाल समुद्र. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी व्यापारी जहाजांवर ड्रोन, क्रूझ मिसाईल, बॅलिस्टिक मिसाईल काय काय सोडलं. जानेवारी २०२४ मध्ये मार्लिन लुआंडा या टँकरला लागलं, त्यावर २२ भारतीय होते, आपली विशाखापट्टणम जवळ होती म्हणून आपली पोरं जाऊन आग विझवून आली. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त, भाडं वाढलं, विमा वाढला. आपल्या इथनं युरोपला कास्टिंग पाठवणाऱ्यांना विचार, त्यांना हे मिसाईल प्रकरण पेपर वाचून नाही, कंटेनरच्या बिलावरनं कळलंय. दुसऱ्या बाजूला ज्या नेव्ह्यांना ही मिसाईलं पाडावी लागली त्यांची पाडायची मिसाईलं संपत आली, म्हणजे मारणाऱ्याचा बाजार वाढला की वाचवणाऱ्याचा आपोआप वाढतोय. आपल्याकडं बराक ह्या मिसाईल पाडायच्या मिसाईलवर एवढा खर्च झाला तो उगाच नाही.

आता ब्रह्मोस. १९९८ मध्ये भारत-रशिया कंपनी झाली, पहिली टेस्ट १२ जून २००१ ला, आणि पहिली निर्यात ऑर्डर जानेवारी २०२२ मध्ये, फिलिपिन्सची, तीन बॅटऱ्या, पावणेचारशे मिलियन डॉलर, पहिला माल एप्रिल २०२४ मध्ये पोचला. म्हणजे पहिल्या टेस्टपासून पहिली डिलिव्हरी व्हायला तेवीस वर्षं लागली, हे मामाला नीट सांग. त्यात मिसाईल खराब होतं असं नाही, चांगलंच आहे, पण रशियाची संमती लागते, ज्याला विकायचं त्यानं ते तिसऱ्याला देणार नाही असं लिहून द्यावं लागतंय, घेणाऱ्या देशाला अमेरिका काय म्हणेल, चीन काय म्हणेल ह्याचा विचार असतोय. सुरुवातीला रेंज २९० किलोमीटर ठेवली ती पण मिसाईल निर्यातीच्या आंतरराष्ट्रीय नियमात ३०० ची रेघ आहे म्हणून, भारत २०१६ मध्ये ते नियम पाळणाऱ्या देशांच्या गटात गेल्यावर आपल्या वापरासाठी रेंज वाढवायला मोकळीक मिळाली.

आणि ते पावणेचारशे मिलियन म्हणजे नुसती मिसाईलं नव्हेत. लाँचरच्या गाड्या, कमांडची गाडी, लोडिंगची गाडी, ट्रेनिंग, पुढच्या देखभालीचं सामान, सगळं धरून. नॉर्वेचं एनएसएम एक मिसाईल साधारण दोन मिलियन डॉलरच्या आसपास पडतंय, तरी कुठलाही देश 'दोनशे मिलियन, शंभर मिसाईल' असा सौदा करत नाही, करूच शकत नाही. कारण गल्फ स्टारचा मुद्दा. किनाऱ्यावरच्या ट्रकला स्वतःचं दिसतंय फार तर तीस-चाळीस किलोमीटर, आणि मिसाईल जातंय दोनशे. मग दोनशेवर कोण आहे, शत्रूचं जहाज आहे का सिमेंट घेऊन चाललेलं कुणाचं तरी, हे सांगणार कोण? त्यासाठी गस्तीचं विमान, ड्रोन, सॅटेलाइट, दुसऱ्या जहाजाचं रडार, आणि हे सगळं जोडणारं डेटालिंक लागतंय. बरेच देश मिसाईल घेतात, परेड काढतात, फोटो काढतात, आणि डोळे घ्यायचे राहतात. माझ्या मते ह्या बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, मिसाईल घेतलंय पण टार्गेट दाखवायला कुणी नाही.

ब्रह्मोससारखं फास्ट भारी का एनएसएमसारखं हळू पण लपतंय ते भारी, ह्यावर पोरं तासन्‌तास भांडतात. मी म्हणेन, ज्याचं त्याला. फास्ट मिसाईल समोरच्याला वेळ देत नाही आणि त्याची धडकच एवढी असते की वॉरहेड सोडून दे, पण ते तीन टनाचं, तापलेलं, लांबनं दिसणारं. एनएसएम चारशे किलोचं, स्वतः रडार चालू करत नाही, इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं जहाजाचं चित्र ओळखतंय, त्यामुळं समोरच्याला आपल्यावर कुणी रडार लॉक केलंय ही घंटासुद्धा वाजत नाही. छोट्या जहाजावर, छोट्या ट्रकवर बसतंय. विक्रीच्या बाबतीत बघितलंस तर हलकी, हळू मिसाईलं जास्त देशांत गेलीत, हार्पून तीसहून जास्त देशांत आहे. आपल्या डीआरडीओनं पण हेलिकॉप्टरवरनं सोडायचं हलकं एनएएसएम-एसआर मे २०२२ मध्ये बालासोरजवळ सी किंगवरनं पहिल्यांदा सोडलं, हा प्रकार पुढं संख्येनं जास्त लागणार असं मला वाटतंय.

आता तुझ्या मामाचा धंदा.

ऑर्डरी आहेत, पण जगभर माल वेळेत निघत नाही, आणि अडलंय कुठं तर छोट्या जेट इंजिनात, सॉलिड मोटरमध्ये, सीकरमध्ये, म्हणजे टार्गेट शोधणाऱ्या मिसाईलच्या डोळ्यात. एनएसएम आणि एक्झोसेटचं नवं मॉडेल, दोन्हींत एकाच फ्रेंच कंपनीचं, एकाच जातीचं छोटं टर्बोजेट इंजिन आहे. म्हणजे मिसाईल कंपन्या दोन, इंजिनवाला एक, त्याच्याकडं लाइन लागलेली. नॉर्वेवाल्यांनी घरी नवा कारखाना काढला, ऑस्ट्रेलियात काढायलेत, अमेरिकेत पण. त्या सगळ्या साखळीत हाऊसिंग, ब्रॅकेट, फिन, फिटिंग, व्हॉल्व्ह बॉडी असले हजारो पार्ट असतात, आणि ते कुठंतरी उद्यमबागसारख्याच ठिकाणी बनतात. आपल्या भागात हात आहे, फाउंड्री आहे, हायड्रॉलिकची मायक्रॉनमधली सवय आहे, हत्तरगीला एक्वसच्या सेझमुळं विमानाच्या पार्टची शिस्त काय असते ते बघितलेली पोरं आहेत. त्यामुळं जमणार नाही असं मी म्हणणार नाही.

पण संख्या बघ. मामाला सवय आहे महिन्याला पाच हजार स्पूलची, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्यांची. इथं पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, येणार चाळीस नगांचा, साठ नगांचा, वर्षातनं एकदा, तो पण सरकारी मंजुरी लांबली की पुढच्या वर्षी. मिसाईल वर्षाला शेकड्यात बनतात, लाखात नाही.

आणि कागद. एका युनिटात ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगचा लॉट बघायला गेलो होतो, पातळ भिंतीचं काम, अवघड, पोरानं सुंदर केलं होतं, सीएमएमवर, म्हणजे मापं तपासायच्या मशीनवर, प्रत्येक माप आत, आडव्या भोकात बर (कापल्यावर राहणारी धातूची कुसळं) सुद्धा नाही. मी म्हटलं मटेरियल सर्टिफिकेट दाखवा, ते होतं. मग म्हटलं ह्या सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या वितळणीतला ते सांगणारा नंबर, ह्या नगांना कसा जोडायचा? बार कापताना नंबर मारलेलं टोक आधी कापून भंगारात टाकलेलं, उरलेल्या तुकड्यांवर काहीच नाही, रॅकवर दोन हीटचे बार शेजारी ठेवलेले. संपला विषय. अख्खा लॉट स्क्रॅप. मापात पास, कागदात नापास. मालक भांडायला लागला की धातू तोच आहे ओ, टेस्ट करून घ्या, पण ह्या कामात 'तोच आहे' चालत नाही, कोणता ते दाखवावं लागतंय. वीस वर्षांनी कॅनिस्टर उघडून मिसाईल तपासताना एका फिटिंगला तडा दिसला, तर त्या हीटचे बाकीचे नग कुठल्या कुठल्या मिसाईलमध्ये आहेत हे एका दिवसात निघालं पाहिजे, नाहीतर सगळी मिसाईलं खोलायची पाळी. ज्यानं वर्कशॉपात ती खोललीत त्याला ह्याचा त्रास माहीत आहे.

सरकारी आकडा छापून येतोय की २०२४-२५ मध्ये संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी झाली, खरं आहे, चांगलं आहे. पण त्यात मोठ्या कंपन्यांचं सगळं आलं, पार्ट आले, गोळ्या आल्या, जॅकेटं आली. तो आकडा बघून उद्यमबागेत मशीन घेणं म्हणजे बाजारभाव न विचारता उसाला पाणी सोडणं झालं.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिलं एएस ९१००, म्हणजे एरोस्पेसच्या कामाचं क्वालिटी सर्टिफिकेट, घ्या, त्याला कन्सल्टंट फाईल करून देतो म्हणेल, तसली फाईल घेऊ नका, शॉपमधल्या पोरांना समजली पाहिजे. दुसरं, कटिंगच्या जागी रंगाचे पट्टे आणि हीट नंबरचे पंच आणा, हे काही हजारात होतंय आणि उद्याच सुरू करता येतंय. सीएमएम स्वतःचं नसेल तर आधी बाहेरचं भाड्यानं वापरा. मग थेट ब्रह्मोसच्या दारात जाऊ नका, तिथं तुम्हाला वॉचमन पण ओळखणार नाही, त्यांना माल देणाऱ्याला माल देणारा गाठा, बंगळूर-हैदराबादकडं असे भरपूर आहेत आणि त्यांना चांगला टर्निंगवाला मिळत नाही हे मी रोज ऐकतोय. सुरुवातीला जमिनीवरच्या सामानाचं काम मागा, लाँचरच्या गाडीचे हायड्रॉलिक, कॅनिस्टर उचलायचे फिक्स्चर, टेस्टिंगचे स्टँड, ह्यात तुमचा हात बसलेला आहे, परीक्षा थोडी सोपी आहे, आणि एक लाँचर गाडी विकली की तिचे सील, सिलिंडर, व्हॉल्व्ह पुढची वीस-पंचवीस वर्षं बदलत राहतात. मिसाईल एकदा सुटलं की सुटलं, गाडी मात्र दर पावसाळ्यात गळते.

हे सगळं आत्ताच्या दोन व्हीएमसीवर होतंय. फाइव्ह ॲक्सिसचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होणार आणि तुमचा पहिला नग पास होऊन रिपीट ऑर्डर यायला दीड-दोन वर्षं सहज जाणार, मधल्या काळात बँक थांबत नाही. पहिला रिपीट पीओ हातात आला, त्यावर पुढच्या दोन वर्षांचं शेड्यूल लिहून मिळालं, की मग जा मॅनेजरकडं, तोपर्यंत हायड्रॉलिकच्या कामावर पोट भरू दे.